उरलेल्या विजेचं पाणी

“रॉड पुन्हा गेला, मॅडम.”

फोनवर देवाजी होता. जामटोल्यात नेटवर्क नाही. बोलायचं असलं की तो टेकडीवरच्या एका सागाखाली जाऊन उभा राहतो आणि इतक्या जोरात बोलतो, की मोबाइल नसता तरी बालाघाटला आमच्या ऑफिसात ऐकू आलं असतं.

“टाकीत पानी होतं काय, काका?” मी विचारलं. माझं माहेर लांजीचं. देवाजीशी बोलताना ऑफिसची भाषा आपोआप गळून पडते.

“होतं ना. संध्याकाळी म्या सोता काठोकाठ भरलं.”

“अन् सकाळी?”

“सकाळी बी होतं.” मग जरा थांबून तो म्हणाला, “थोडं.”

ते ‘थोडं’ माझ्या कानात अडकून बसलं. पण फोन कटला आणि मान वळवली तर मागे दुबे साहेब उभे. आमचे प्रोजेक्ट मॅनेजर. माणूस वाईट नाही, पण जळका रॉड दिसला की त्यांच्या कपाळावरची शीर उठते.

“फिर जला?”

“हो सर.”

“तो अब बस. मशीन उठाओ वहाँ से. बैहर की तरफ़ वाला टोला कब से अँधेरे में बैठा है. उनको दे देंगे.”

“सर, एकदा मी जाऊन बघते.”

“जाओ. परसों मैं भी आता हूँ. वजह मिली तो ठीक. नहीं तो नट-बोल्ट खोलकर ही लौटेंगे.” आणि जाता जाता त्यांनी माझ्या टेबलावर एक नवं कुलूप ठेवलं. “तब तक पावरहाउस में ताला लगाओ. कोई न कोई अंदर हाथ मार रहा है.”

त्यांचंही चुकत नव्हतं. आमची संस्था छोटी. जिथे जंगलातून खांब न्यायला जमत नाही अशा टोल्यांवर, म्हणजे छोट्या वस्त्यांवर, नाल्याच्या पाण्यावर वीज तयार करून द्यायची, हे आमचं काम. एक यंत्र जिथे बसतं तिथे उजेड येतो, आणि दुसरा एखादा टोला तितके दिवस वाट बघतो. देवाजी जामटोल्याचा ऑपरेटर. यंत्र गेलं असतं तर त्याचं काम गेलं असतं, धान भरडायची चक्की गेली असती आणि टोला पुन्हा चिमणीवर आला असता.

हे यंत्र काय आहे ते साध्या शब्दांत सांगते. टोल्याच्या वरच्या अंगाला नाला आहे. तिथे छोटा बांध घालून पाणी एका जाड पाइपात घेतलं आहे. ते उतारावरून खाली येतं आणि एका लोखंडी चाकावर आदळतं. हे टर्बाइन. चाक फिरलं की त्याला जोडलेला जनरेटर फिरतो. वरून पाणी सारखंच येतं, म्हणून वीजही सारखीच तयार होते. पण घरांना ती सारखी लागत नाही. दुपारी चक्की चालते, संध्याकाळी दिवे लागतात, पहाटे सगळं बंद असतं. मग उरलेल्या विजेचं करायचं काय? ती कुठेच गेली नाही तर यंत्र उधळतं. भरल्या गाडीचं ओझं चढावर एकदम काढून घेतलं तर बैल कसे धावतील, तसं. दाब वाढतो, घराघरांतले बल्ब फुटतात. म्हणून पावरहाउसमध्ये पाण्याची एक टाकी असते आणि तिच्या तळाशी तापायचा आडवा रॉड. कंट्रोलर नावाचा डबा उरलेली वीज त्या रॉडमध्ये ढकलतो. पाणी तापतं, वाफ होते, वीज जिरते. आमच्या भाषेत याला ‘डंप लोड’ म्हणतात. डंप म्हणजे टाकून देणं. रॉड गेला की कंट्रोलर जीव वाचवायला सगळं यंत्रच बंद करतो, आणि टोला अंधारात.

त्याच दिवशी निघाले. लांजीपर्यंत बस, पुढे देवाजीच्या मोटरसायकलवर. पौषातले दिवस होते. धान कापून झालं होतं, बांध्यांमध्ये नुसती खुंटं. चिन्नोर धानाच्या तणसाला एक गोडसर वास असतो. तो वाटभर बरोबर येत होता. माझा नवरा म्हणतो, ही जामटोल्याला निघाली की माहेरी निघाल्यासारखी तयार होते. खरं आहे ते. मला ते पावरहाउस फार आवडतं. टिनाचं छप्पर असलेली एक खोली, बाहेर बांबूचं बेट, आत पाण्याचा न थांबणारा घुमारा. तिथे बसलं की आपण एखाद्या मोठ्या जनावराच्या पोटाशी टेकून बसलोय असं वाटतं. डोळे आपोआप मिटतात. पण त्या दिवशी तिथे घुमारा नव्हता. चाक थांबलं होतं आणि नाला आपला दुसऱ्याच वाटेने वाहत होता. मला खरंच रडू आलं.

मी रॉड बाहेर काढला. पाण्याविना तापून गेलेला रॉड काळा पडतो, फुगतो. हा फुगला होता, आणि शिवाय चिरला होता. तापल्या खापरावर गार पाणी पडलं की ते कसं तडकतं, तसा.

“काका, याच्यावर वरून पानी पडते काय?”

देवाजीने छपराकडे बघितलं. मीही बघितलं. पहाटे टिनावर दव धरतं, पण दवाच्या थेंबाने काही लोखंड चिरत नाही. टाकी गळते का ते बघितलं. खाली जमीन कोरडी. मग टाकीच्या झाकणावर नजर गेली. काठाला हळदीचं एक पिवळं बोट उमटलं होतं. ऑपरेटर टर्बाइनला ग्रीस लावतो, हळद नाही लावत.

ते बोट मी मनात टिपून ठेवलं. नवा रॉड बसवला, टाकी भरली, पाइपचा व्हॉल्व्ह उघडला. चाक हललं, आधी कुरकुरलं आणि मग सुरात आलं. संध्याकाळ होत होती. अंगणाअंगणात दिवे लागले. कोणीतरी लांबून ‘आली, आली!’ म्हणून ओरडलं. इतक्या वर्षांत किती टोल्यांवर ही ओरड ऐकली, तरी दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो.

जेवायला देवाजीकडेच होते. त्याची बायको कौसाबाई. तिच्या तोंडात नेहमी सुपारी आणि डोळ्यांत नेहमी काहीतरी खोडी. त्यांची लेक रेखा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ मांडीवर घेतलं तर अंगाला ओव्याच्या धुरीचा वास. न्हाऊ-माखू घातलेलं, गुलाबी, गाढ झोपलेलं पोर.

“रोज दोन्ही येळा आंघोळ हाय बाळंतिनीले अन् लेकराले,” कौसाबाई कौतुकाने म्हणाली. “सव्वा महिना काई कमी पडू देनार नाई.”

हात धुवायला अंगणात आले तेव्हा भिंतीला लागून लाकडांचा थप्पा दिसला. चांगला छातीएवढा. बाळंतिणीच्या घरात हिवाळ्यात लाकूड टिकत नाही. आमच्या आईने माझ्या वेळी अर्धं आंब्याचं झाड जाळलं होतं म्हणतात. आणि इथे थप्प्याच्या वरच्या लाकडापासून भिंतीपर्यंत कोळ्याने सुरेख जाळं विणलं होतं. म्हणजे बरेच दिवस त्याला कोणाचा हात लागला नव्हता.

“मावशी, पानी कायवर तापवता?”

कौसाबाईने भिंतीवरच्या बल्बकडे बघितलं. मग माझ्याकडे. “तापते,” ती म्हणाली. “जेव तू, बाई.”

पहाटे मी कोणाला न उठवता पावरहाउसकडे गेले. धुकं इतकं की पायवाट दोन पावलांपुढे संपत होती. नाल्याचा आवाज चारी बाजूंनी येत होता. बांबूच्या बेटाशी थांबले. खोलीचं दार उघडं होतं आणि आतून वाफेचे लोट बाहेर येऊन धुक्यात मिसळत होते. धुकं कुठलं आणि वाफ कुठली, कळत नव्हतं.

मग त्या आल्या. एकीमागे एक, डोक्यावरून शाल घेतलेल्या, हातात बादल्या, पाण्याचे पितळी गुंड. कोणी बोलत नव्हतं. एकजण आत जायची, टाकीच्या तळाची तोटी सोडायची, बादली भरायची. ती तोटी आम्ही टाकी धुवायला ठेवली होती. बाहेर येणाऱ्या प्रत्येकीचा चेहरा वाफेत क्षणभर उजळायचा आणि पुन्हा धुक्यात नाहीसा व्हायचा. मी जागी आहे की झोपेतच इथवर आले, असं मला वाटलं. माझी उरलेली वीज, जी मी कागदावर ‘डंप’ म्हणून लिहीत होते, ती बादल्या-बादल्यांनी घरोघरी निघाली होती. रागवायचं मला सुचलंच नाही.

पण मग एक गोष्ट दिसली. बादली भरून झाली की प्रत्येकजण टाकीचं झाकण जरासं उचलायची आणि सोबत आणलेल्या लोट्यातलं गार पाणी आत ओतायची. मगच निघायची. चौथी की पाचवी बाई लोटा ओतत होती तेव्हा आतून आवाज आला. चर्रर्र.

मी धावले. व्हॉल्व्हचं चाक दोन्ही हातांनी फिरवलं. टर्बाइन कण्हत थांबलं. टोल्यातला एकुलता एक पेटलेला दिवाही विझला. बायका जिथल्या तिथे उभ्या. पुढे कौसाबाई, हातात रिकामा लोटा.

“हे काय करून राह्यल्या तुमी?”

“पानी नेऊन राह्यलो. काहून?”

“अन् हे गार पानी काहून टाकलं आत?”

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी विचारलं होतं की चपला दाराबाहेर का काढायच्या. “दुसऱ्याचं भांडं रिकामं करून कोनी जाते काय, बाई? काईतरी घालून ठेवा लागते. तुह्या मायनं नाई शिकवलं?”

शिकवलं होतं. शेजारच्या घरून वाटीत दही आलं तर वाटी रिकामी परत करायची नाही, चिमूटभर साखर तरी घालायची. मी आजही तेच करते. आणि त्याच चालीरीतीने माझे रॉड एकामागून एक मारले होते. पहाटे टोल्यात सगळं बंद, म्हणून सगळी वीज टाकीत. पाणी तेव्हाच सगळ्यात कढत. नेमकं तेव्हाच बाळंतिणीला, म्हाताऱ्यांना ते लागतं. बादल्या भरता भरता पाणी रॉडच्या खाली जायचं, रॉड उघडा पडून लाल व्हायचा, आणि मग त्याच्या डोक्यावर सौजन्याचा लोटा. चिरणार नाही तर काय! आणि देवाजी सकाळी येऊन बघायचा तेव्हा त्या लोट्यांमुळे टाकीत पाणी असायचंच. थोडं.

मी हसत सुटले. हसता हसता जमिनीवरच बसले. बायकांना वाटलं, मॅडमच्या डोक्यावर परिणाम झाला.

मग त्यांना सगळं समजावून सांगितलं. कौसाबाईचा चेहरा उतरला. “आमाले वाटलं, बिजली पानी तापवते अन् सोडून देते. वायाच जाते ते. वायाचं नेलं त कोनाचं काय गेलं?” जरा वेळाने ती हळूच म्हणाली, “मांगच्या हिवाळ्यात लाकडाले गेलतो त अस्वल आडवं आलतं. म्या पडली, पाय मोडता मोडता राह्यला. मंग ठरवलं, रेखाच्या पान्यासाठी जंगलात जायचं नाई.”

एव्हाना देवाजी येऊन मागे उभा होता. मान खाली.

“काका, तुमाले मालूम होतं?”

“पानी नेतेत ते मालूम होतं, मॅडम. आत कोनाले येऊ द्यायचं नाई असा रूल हाय, म्हनून बोललो नाई. रॉडचं यानंच होते हे नोतं मालूम. माह्या लोट्याची शपथ,” आणि बायकोच्या हातातल्या लोट्याकडे बघून तो स्वतःच ओशाळला.

साहेबांचं कुलूप माझ्या पिशवीत होतं. ते लावलं असतं तर रॉड वाचला असता. ही वजह सांगून परत गेले असते तर कोणी मला बोल लावला नसता. पण आदल्या रात्री रेखाचं पोर माझ्या मांडीवर झोपलं होतं. कुलूप काढायला माझा हात पिशवीत जाईना.

खरं तर उपाय कठीण नव्हता. रॉड वाचला होता, काळवंडून का होईना. टाकी रिकामी केली. तळाच्या तोटीला आतल्या बाजूने एक उभा पाइप जोडला, रॉडच्या वर वीतभर जाईल एवढा. आता तोटी कितीही वेळ उघडी ठेवा, पाणी त्या पाइपच्या तोंडाखाली उतरणार नाही. रॉड कायम बुडालेला. देवाजी लांजीला जाऊन फ्लशच्या टाकीत असतो तसला तरंगता गोळा घेऊन आला. मोठ्या पाइपातून एक बारीक नळी काढून त्याला जोडली. पाणी कमी झालं की टाकी आपोआप भरेल. तोटीच्या जागी नळी लावून ती भिंतीतून बाहेर काढली आणि तोटी बाहेरच्या टोकाला बसवली, म्हणजे आत कोणी यायला नको. झाकणाचे नट-बोल्ट आवळले.

कौसाबाई बाहेर बसून हे सगळं बघत होती. “झाकन बंद केलं?” तिने विचारलं. “मंग आमी लोटा कुठं ओतायचा?”

“गरज नाई आता, मावशी. टाकी आपली आपण भरते.”

“ते तुह्यं यंत्र झालं. माह्या घरची रीत कोन करनार?”

मी ड्रिल घेतला. झाकणाला एक भोक पाडलं, त्यातून एक नळी बाहेर भिंतीपर्यंत आणली आणि तिला देवाजीच्या घरचं रॉकेल ओतायचं जुनं नरसाळं लावलं. चिमण्या गेल्यापासून ते कोनाड्यात पडूनच होतं. रॉड बुडालेलाच राहणार असेल तर लोटाभर गार पाण्याने कोणाचं काय बिघडतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब आले. म्हणजे जीप आली नाही, साहेब आले. जीप नाल्यात रुतली होती आणि ते गुडघाभर पाण्यातून चालत आले होते. ओठ निळे. बोलता येईना. कौसाबाईने विचारलंबिचारलं नाही. खाटेवर बसवलं आणि पायांखाली वाफाळत्या पाण्याचं घमेलं सरकवलं.

साहेबांनी पाय बुडवले आणि डोळे मिटले. चक्कीचा आवाज येत होता. उन्हात कोंड्याची धूळ तरंगत होती. रेखा दारात बाळाला थोपटत बसली होती.  इतके गप्प साहेब मी ऑफिसात कधी बघितले नव्हते.

“बहुत अच्छा लगा, अम्मा,” ते शेवटी म्हणाले. “कितनी लकड़ी लगती है इतने पानी को?”

“लाकूड नाई, साहेब,” कौसाबाई म्हणाली. “तुमचीच बिजली हाय. उरलेली.”

साहेबांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगून टाकलं. बादल्या, तोटी, लोटा. काही लपवलं नाही. त्यांच्या कपाळावरची शीर हळूहळू वर आली.

“मतलब रॉड इन्होंने ही जलाए?”

“हो सर.”

देवाजी पुढे झाला. “गलती मेरी है साहब. मेरे को निकाल दो. मशीन मत ले जाओ.”

“त्याले काहून काढता?” कौसाबाई उसळली. “पानी म्या नेलं. मले बोला.”

“रुको, रुको,” साहेब म्हणाले. “पहले पैर तो पोंछने दो.”

त्यांनी पाय पुसले, आणि थेट पावरहाउसकडे चालू लागले. मागे आम्ही, आमच्यामागे अर्धा टोला.  साहेबांनी गोळ्याकडे जाणारी नळी बंद केली आणि बाहेरची तोटी पूर्ण सोडली. बादली भरली. दुसरी भरली. बायका बादल्या बदलत होत्या. धार बारीक झाली, थेंब झाली, थांबली. मग त्यांनी स्वतः झाकणाचे नट काढले आणि टॉर्च मारून आत बघितलं. रॉड पाण्याखाली शांत पडला होता. पाण्यावर वाफ फिरत होती.

त्यांनी झाकण परत लावलं. नरसाळ्याकडे बघितलं. “और ये किसलिए?”

मी सांगितलं. ते हसले नाहीत. फक्त म्हणाले, “ये सर्दी देखते हैं. एक भी रॉड जला, तो मशीन जाएगी.”

कौसाबाईने लोटा भरला आणि त्यांच्यादेखत नरसाळ्यात ओतला. आतून कसलाच आवाज आला नाही.

त्या हिवाळ्यात रॉड जळला नाही. शिवरात्र झाली, धार बारीक झाली, रेखा बाळाला घेऊन सासरी गेली. यंत्र जामटोल्यातच राहिलं. बैहरकडच्या टोल्याला वाट बघावी लागली याचं मला वाईट वाटत होतं. पण पुढच्या हंगामात त्यांच्यासाठीही यंत्र मिळालं. तिथे मीटिंग घेतली तेव्हा मी नेहमीप्रमाणे दर घराला किती बल्ब ते सांगू लागले. मागून एक म्हातारी म्हणाली, “बल्ब ठीक है बाई, मगर जामटोला जैसा गरम पानी मिलेगा क्या?” बातमी माझ्या आधी जंगल ओलांडून पोचली होती.

परतल्यावर मी ड्रॉइंग काढलं. तोटी रॉडच्या वर, भिंतीबाहेर नळी, तरंगता गोळा. ‘डंप लोड’ खोडून ‘गरम पाण्याची टाकी’ असं लिहिलं. साहेबांनी कागद उन्हाकडे धरून बराच वेळ बघितला. मला वाटलं, खर्चावरून काहीतरी निघणार.

“वनिता,” ते म्हणाले, “ढक्कन का छेद कहाँ है?”

मी पेन्सिल घेतली आणि झाकणावर एक छोटं वर्तुळ काढलं. शेजारी त्याचं काम लिहायचं असतं. मी लिहिलं: लोटाभर पाणी परत करण्यासाठी.